वायरलेस इंटरकॉम : बेस स्टेशनवरील हेडसेटची जुळणी

नाटकाचा प्रयोग असो वा दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण, पडद्यामागील मंडळींचे काम इंटरकॉमवरील संभाषणाच्या आधारे चालते. रंगमंच व्यवस्थापकाने सूचना देताच दिवे बदलतात, पडदा सरकतो किंवा वजनदार देखावा वरून खाली उतरतो. ही सूचना अस्पष्ट ऐकू आली तर प्रसंग फसतोच. शिवाय देखाव्याखाली उभ्या असलेल्या माणसाला इजाही होऊ शकते. त्यामुळे सूचना देणाऱ्याच्या हेडसेटची जुळणी हा सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

यंत्रणेची रचना

रॉक संगीताच्या गोंगाटातही तंत्रज्ञांना एकमेकांचे बोलणे ऐकू यावे, या गरजेतून १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'क्लिअर-कॉम' इंटरकॉमचा जन्म झाला. त्या यंत्रणेत सारे हेडसेट तारेने जोडलेले असत. वायरलेस यंत्रणेत प्रत्येकाच्या कमरेला बेल्टपॅक असतो आणि तो रेडिओलहरींद्वारे बेस स्टेशनशी जोडला जातो. बेस स्टेशनवरही हेडसेटसाठी स्वतंत्र जोडणी असते व तेथे बसलेली व्यक्ती सर्वांशी बोलू शकते. साहजिकच, एका बेल्टपॅकच्या हेडसेटमधून पुरेसा आवाज येत नसेल तर एकाचीच अडचण होते. बेस स्टेशनवरील माइक बिघडलेला असेल तर सर्वांची.

माइकचा प्रकार

बहुतेक व्यावसायिक हेडसेटना चार पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो. माइक मात्र दोन प्रकारचे असतात. डायनॅमिक माइकला बाहेरून विद्युतदाब लागत नाही. इलेक्ट्रेट माइक त्याशिवाय काम करत नाही. अनेक बेस स्टेशनांवर हा प्रकार निवडण्यासाठी स्विच किंवा मेनू असतो. नवा हेडसेट जोडल्यावर आवाज अजिबात जात नसेल वा घरघर येत असेल, तर प्रथम ही निवड तपासावी.

माइकची जागा

माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, साधारण दोन बोटांच्या अंतरावर असावा. तो थेट तोंडासमोर धरल्यास श्वासाचे फुत्कार ऐकू येतात. गोंगाट कमी करणाऱ्या माइकमध्ये दोन्ही बाजूंनी सारख्या तीव्रतेने येणारा आवाज वजा होतो. असा माइक हनुवटीखाली सरकला, तर बोलणाऱ्याचा आवाजही बराचसा वजा होतो. ही चूक वारंवार घडते आणि मग उगाचच माइकची पातळी वाढविली जाते.

पातळ्यांचा क्रम

सर्वप्रथम माइकची जागा निश्चित करावी. त्यानंतर प्रयोगात ज्या आवाजात बोलायचे आहे त्याच आवाजात बोलून माइकची पातळी ठरवावी. ती जास्त असल्यास शब्द फाटतात आणि सभागृहाचा गोंगाट सर्वांच्या कानांत शिरतो. ऐकण्याची पातळी सर्वांत शेवटी, बोलणे स्पष्ट कळेल इतपतच वाढवावी. अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला ती ४ तासांवर येते.

हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येतो, त्यास साइडटोन म्हणतात. तो फार कमी असल्यास माणूस नकळत ओरडतो. फार जास्त असल्यास पुटपुटतो. दोन्ही कान झाकणाऱ्या हेडसेटमध्ये साइडटोनची गरज अधिक भासते. एक कान मोकळा असल्यास रंगमंचावरील आवाजही कानी पडतो. परंतु ध्वनिक्षेपकाजवळ बसणाऱ्यांनी दोन्ही कान झाकणेच श्रेयस्कर.

तारेच्या इंटरकॉमशी जोडणी

वायरलेस यंत्रणा जुन्या दोन-तारी इंटरकॉमशी जोडल्यास स्वतःचाच आवाज प्रतिध्वनीच्या रूपाने परत येऊ शकतो. तो रद्द करण्याच्या प्रक्रियेस 'नल' म्हणतात. सर्व उपकरणे जोडून व सारे माइक बंद ठेवूनच ती करावी. जोडणीत पुढे बदल झाल्यास ती पुन्हा करावी लागते. साइडटोन कमी करून हा प्रतिध्वनी जात नाही.

प्रयोगादरम्यान

बोलणे संपताच 'टॉक' बटण बंद करावे. अनेक उपकरणांत हे बटण क्षणभर दाबल्यास माइक चालूच राहतो आणि दाबून धरल्यास बोट उचलताच बंद होतो. आपल्या उपकरणाची रीत आधी जाणून घ्यावी. चालू माइकसह हेडसेट टेबलावर ठेवल्यास इअरफोनमधील आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शीळ घुमते. दुसऱ्या कोणाचा माइक उघडा राहिला असेल, तर ज्या बेस स्टेशनांवर सर्व माइक एकदम बंद करण्याची सोय आहे, तेथे ती वापरावी.

पडदा उघडण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून चाचणी घ्यावी. 'हॅलो, हॅलो' एवढ्यावर न थांबता एखादी प्रत्यक्ष सूचना उच्चारावी आणि समोरच्याकडून ती जशीच्या तशी वदवून घ्यावी. सूचना शब्दशः परत आली, तरच ती पोहोचली असे समजावे.