भिन्न दप्तरांतील मित्या आणि एकत्र शकावली

शिवकालाची शकावली सिद्ध करूं जाणारास एकाच दप्तरावर विसंबून चालत नाहीं. देशमुखी घराण्यांचे मोडी कागद, मोंगल दरबारचे फारसी अखबार, इंग्रज वखारींचीं पत्रें, वलंदेजांच्या रोजनिश्या आणि गोवेकर फिरंग्यांचे कागद ह्या सर्वांतून टिपणें काढून तीं एका यादींत बसवावीं लागतात. टिपणें काढण्यास श्रम पडतात, पण विचार फारसा लागत नाहीं. विचार लागतो तो तीं एकत्र करतांना. कारण प्रत्येक दप्तराचें वर्ष निराळ्या दिवशीं उजाडतें.

शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस पालटतो, राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३ स, आणि शुहूर सन सूर्यानें मृगांत प्रवेश केला म्हणजे. शुहूर सनांत ५९९ मिळविले असतां इसवी सन येतो खरा, परंतु जानेवारी लागल्यापासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरतें. इंग्रजांचें वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होई आणि त्यांची पद्धति जुनी, म्हणजे ज्यूलियन होती. ह्यावर आणखी एक भर अशी कीं, आपला वार सूर्योदयापासून व मुसलमानी वार सूर्यास्तापासून मोजतात. त्यामुळें रात्रीं घडलेल्या गोष्टीला, आणि छापे बहुधा रात्रींच पडत, दोन दप्तरांत दोन वार मिळूं शकतात.

सुरतेच्या पहिल्या लुटीचें उदाहरण घ्यावें. महाराज शहरावर आले तो दिवस इंग्रजी गणनेनें ६ जानेवारी. पण मार्च लागावयाचा असल्यामुळें त्यांच्या हिशेबीं साल १६६३ च चाललें होतें. वलंदेज नवी, म्हणजे ग्रेगरी पद्धति पाळीत; त्यांचा तोच दिवस १६ जानेवारी १६६४. आपल्याकडे तेव्हां शके १५८५ चालू होता. हीं टिपणें जशींच्या तशीं एका यादींत उतरलीं तर सुरत एक वर्ष व दहा दिवसांच्या अंतरानें दोनदां लुटली गेली असें दिसेल, आणि १६७० च्या ऑक्टोबरांतील खरी दुसरी लूट तिसरी ठरेल! आज निरनिराळ्या संग्रहांच्या सूची संगणकावर जुळवून त्यांचें एकच विवरण काढतात. यंत्रास मिति दिसते, पद्धति दिसत नाहीं. ती सांगणारा रकानाच सूचींत नसेल तर असा घोटाळा व्हावयाचाच.

अशा वेळीं आम्हांस सर्वांत मोठा आधार वाराचा वाटतो. शक, सन, महिने सगळे भिन्न असले तरी सात वारांचें चक्र सर्व दप्तरांस समान आहे. जुन्या पद्धतीची ६ जानेवारी आणि नव्या पद्धतीची १६ जानेवारी, दोन्ही बुधवारच. वार जुळला म्हणजे दिवस जुळलाच असें नव्हे. पण तो न जुळल्यास कोठेंतरी पाणी मुरतें आहे हें निश्चित, मात्र वर सांगितलेला रात्रीचा अपवाद लक्षांत ठेवावा.

दुसरी गोष्ट साक्षींच्या मोजणीची. महाराजांच्या जन्माची मिति कित्येक बखरींत शके १५४९ च्या वैशाखांतील आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी मिति आली. बखरींची संख्या अधिक म्हणून त्यांचें पारडें जड मानणें युक्त नव्हे; एकीवरून दुसरी उतरली असेल तर दहा प्रती मिळूनही साक्षीदार एकच. उलट मावळांतील जेध्यांचे कागद, तंजावरास सांपडलेलें परमानंदाचें शिवभारत आणि जोधपुराकडील जन्मपत्रिका हीं परस्परांपासून इतकीं दूर असतांही शके १५५१ वर एकत्र येतात. ह्या एकवाक्यतेची किंमत नुसत्या संख्येनें होणार नाहीं.

हीच मिति रूपांतराचीही कसोटी आहे. जुन्या पद्धतीनें ती १९ फेब्रुवारी १६३०. तत्कालीन इंग्रजाच्या लेखणींतून हाच दिवस १९ फेब्रुवारी १६२९ असा उतरता, आणि ग्रेगरी पद्धतीनें तो १ मार्च १६३० होतो. तिन्ही लेखनें आपापल्या जागीं बरोबर आहेत. म्हणून नुसतें रूपांतर छापून मूळ मिति गाळणाऱ्या शकावलीचा आम्हांस विश्वास वाटत नाहीं. संकलकानें दहा दिवस मिळविले कीं नाहीं, हें मागाहून कोणास कळावें?

आमच्या मतें एकत्र यादींत प्रत्येक नोंदीपुढें मूळ शब्दांतील मिति, दिला असल्यास वार, गणनेची पद्धति, दप्तराचें नांव आणि सर्वांच्या शेवटीं रूपांतर असें असावें. मूळांतील तिथि व वार विसंगत असतील तेथें मजकूर दुरुस्त न करतां विसंगतीची खूण तेवढी करावी. अशा खुणांनीं यादी विद्रूप दिसते हें खरें. परंतु नवा कागद हातीं आल्यावर प्रथम ह्याच जागा तपासावयाच्या असतात.