नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे हृदयाला धोका असतो का?

अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेला रुग्ण नीट जेवत नाही, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही. डॉक्टर नैराश्यावरची गोळी लिहून देतात आणि घरच्यांना प्रश्न पडतो, ही गोळी हृदयाला झेपेल का? याचं उत्तर गोळी कोणती, डोस किती आणि सोबत आणखी कोणती औषधं सुरू आहेत, यावर अवलंबून असतं.

नैराश्याचा हृदयाशी काय संबंध?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेकांना नैराश्य येतं. अशा रुग्णांची औषधं चुकतात, चालणं-फिरणं बंद होतं. झटक्यानंतर नैराश्य असेल तर पुढचा धोका वाढतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये म्हटलं होतं. म्हणजे उपचार टाळणंही सुरक्षित नाही.

कोणत्या गोळीचा काय परिणाम?

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या, 'ट्रायसायक्लिक' गटातल्या गोळ्या. त्यांनी ठोके वाढू शकतात, उठून उभं राहताना रक्तदाब एकदम कमी होऊ शकतो आणि हृदयातल्या विद्युत संदेशांचा वेग मंदावू शकतो. म्हणून नुकताच झटका येऊन गेलेल्यांना त्या सहसा देत नाहीत. अमिट्रिप्टिलिन मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यावरही दिली जाते, हे लक्षात ठेवायला हवं.

नंतर आलेल्या 'एसएसआरआय' गटातल्या गोळ्या तुलनेनं सुरक्षित मानल्या जातात. त्यातल्या सर्ट्रालिनची चाचणी थेट हृदयरुग्णांवर झाली. झटका किंवा अस्थिर अंजायना असलेल्या ३६९ रुग्णांचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिनमुळे हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता घटल्याचं त्यात दिसलं नाही.

याच गटातल्या सिटालोप्रॅमबाबत मात्र अमेरिकेच्या एफडीएनं २०११ मध्ये इशारा दिला. दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस देऊ नये, असं सांगितलं. २०१२ मध्ये साठीपुढच्या रुग्णांसाठी ही मर्यादा २० मिलिग्रॅम झाली. कारण होतं 'क्यूटी'. ठोका सुरू झाल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार होईपर्यंतचा हा वेळ ईसीजीत मोजतात. तो फार लांबला तर ठोके अनियमित होऊन जिवावर बेतू शकतं. एस्सिटालोप्रॅमनंही डोसनुसार क्यूटी लांबू शकतो.

व्हेन्लाफॅक्सिननं, विशेषतः जास्त डोसमध्ये, रक्तदाब वाढू शकतो.

डॉक्टरांना काय सांगायचं?

सुरू असलेली प्रत्येक गोळी. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसोबत एसएसआरआय घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. अॅसिडिटीवरच्या ओमेप्राझोलनं शरीरातलं सिटालोप्रॅमचं प्रमाण वाढतं. अॅझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिकही क्यूटी लांबवू शकतात. घरात कोणाचा अचानक हृदय बंद पडून मृत्यू झाला असेल, तर तेही सांगावं. गरज वाटल्यास डॉक्टर ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासतात.

भीती वाटली म्हणून गोळी बंद करावी का?

नाही. गोळी अचानक थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होऊ शकतात आणि नैराश्य परतू शकतं. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात किंवा गोळी बदलतात. मात्र भोवळ येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा ठोके अनियमित होणं, असं काही झालं तर लगेच रुग्णालय गाठावं. मानसिक त्रासाबद्दल बोलायचं असेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.