बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया : तीव्र लठ्ठपणावरचा उपचार आणि रत्नागिरीकरांचा निर्णय

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणजे जठर लहान करून किंवा अन्नाची आतड्यातली वाट बदलून तीव्र लठ्ठपणावर केला जाणारा उपचार. ग्रीक भाषेत ‘बारोस’ म्हणजे वजन. त्यावरून हे नाव आले. बोलताना लोक ‘पोट छोटं करायचं ऑपरेशन’ म्हणतात आणि ते वर्णन बऱ्यापैकी बरोबर आहे. चरबी शोषून काढण्याची लायपोसक्शन ही मात्र अगदी वेगळी गोष्ट. तिने कमरेचा घेर बदलतो, पण मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार बरा होत नाही. या दोन शस्त्रक्रियांत नेहमी गल्लत होते.

वजन शंभरीच्या पुढे गेलेल्या माणसाला रत्नागिरीच्या भूगोलाचा जाच जास्त. घर वरच्या अंगाला, रस्ता खाली आणि मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. गुडघे दुखू लागले की चालणे कमी होते, चालणे थांबले की वजन आणखी वाढते. मग शुगर, बीपी, रात्रीचे घोरणे, यकृतावर चढलेली चरबी अशी एकेक नोंद फायलीत वाढत जाते. शस्त्रक्रियेचा विषय निघतो तेव्हा बहुतेक रुग्णांनी अनेक वर्षे पथ्ये केलेली असतात, वजन उतरवलेले असते आणि ते पुन्हा चढलेलेही पाहिलेले असते.

शस्त्रक्रिया कुणी करून घ्यावी, हे ठरवताना पहिला आधार असतो बीएमआयचा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने ४० ही मर्यादा ठरवली. मधुमेहासारखा जोडविकार असेल तर ३५. भारतीय तज्ज्ञांनी २००९ च्या सहमतीपत्रात आपल्या लोकांसाठी त्या खाली आणल्या : जोडविकार नसल्यास ३७.५, असल्यास ३२.५. सव्वापाच फूट, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईला हेच किलोंत सांगायचे तर पहिली मर्यादा ९६ किलोंची, दुसरी सुमारे ८३ किलोंची. २०२२ साली अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे काढून निकष आणखी सैल केले आणि आशियाई लोकांना २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले. तरीही आकडा हे फक्त दार आहे. आत जायचे की नाही, ते बाकीच्या गोष्टींवर ठरते.

भारतीयांसाठी वेगळी मर्यादा का, याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा माग ठेवला. जन्मतः किडकिडीत दिसणाऱ्या बाळांच्या अंगातही स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त, असे त्यांना आढळले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती वेगळी असतात, ते या एका चित्राने साऱ्या जगाला दाखवले.

रत्नागिरी जिल्ह्याला हा धागा थेट जोडलेला आहे. चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने १६ ते १८ वयाच्या सुमारे दीड हजार कोकणी मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. पुढच्या पिढीतल्या मधुमेह-हृदयविकारांची मुळे आजच्या मुलींच्या पोषणात शोधायची, हा त्याचा हेतू. कमी वजनाच्या मुलींची संख्या तिथे मोठी आहे. कुपोषण आणि लठ्ठपणा ही दोन टोके नसून एकाच घरात आई-मुलीच्या रूपाने शेजारी बसलेली असू शकतात. लठ्ठ माणसाला ‘खाऊन खाऊन फुगलाय’ म्हणणाऱ्यांनी हे समजून घेतले पाहिजे, कारण त्या वाक्याने रुग्ण दवाखान्यापासून वर्षानुवर्षे दूर राहतो.

आहार-व्यायामाने वजन उतरते, मग शस्त्रक्रिया कशाला, हा प्रश्न रास्त आहे. थोडे जास्त वजन असेल तर आहार-व्यायामच करावा. तीव्र लठ्ठपणात मात्र शरीर उलट बाजूने लढते. वजन घटले की भुकेची संप्रेरके वाढतात आणि पोट भरल्याची खूण उशिरा मिळते. शिवाय शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकते. १९९९ मध्ये जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक शोधले, आणि ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते असे निघाले. ज्या शस्त्रक्रियेत नेमका तो भाग काढून टाकतात, तिच्यानंतर भूकच मंदावते. इथे इच्छाशक्तीच्या बरोबरीने शरीराची रसायनेही बदलतात.

बायपास शस्त्रक्रियेचा जन्म एका वेगळ्याच निरीक्षणातून झाला. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण नंतर वजन धरत नाहीत, हे अमेरिकेतल्या आयोवाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी हेरले आणि १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच अनेकांची साखर ताळ्यावर येते, हे वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये मोठ्या रुग्णसंख्येवर दाखवले. अन्न आतड्यात वेगळ्या जागी, वेगळ्या वेगाने पोचते आणि आतड्यातून पाझरणारी संप्रेरके बदलतात, हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणूनच आज तिला चयापचयाची शस्त्रक्रिया असेही म्हणतात. १९९४ पासून बायपास दुर्बिणीतून होऊ लागली आणि हातभर चिऱ्याऐवजी चार-पाच छोट्या छिद्रांतून काम भागू लागले.

सध्या दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढतात. उरते ती सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. एकाच जोडाची ‘मिनी बायपास’ अमेरिकेतल्या रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केली. भारतातही ती बरीच होते. छातीत जळजळ आणि आंबट ढेकरांचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो वाढू शकतो. मधुमेह जुना असेल तर बायपासचे पारडे बहुधा जड ठरते. ओळखीतल्या कुणाला कोणती लागू पडली यावर निवड करू नये. जठरात दुर्बीण घालून केलेली तपासणी आणि रुग्णाचा पूर्वेतिहास यांवरच ती व्हावी.

फायदा किती? पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के घट. १२० किलोंचा माणूस ९० च्या आसपास येतो. साठ किलोंचा होत नाही. ही अपेक्षा आधीच स्पष्ट झाली नाही तर यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण निराश होतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात चार हजारांवर लठ्ठ माणसांचा माग ठेवला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, वय आणि इतर धोके जमेस धरल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसले. लठ्ठपणावरच्या इतर उपचारांत असा दीर्घ पुरावा क्वचितच सापडतो.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोचला तो दोन प्रसंगांनी. २०११ मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, आणि एरवी कुजबुजीत बोलली जाणारी गोष्ट उघडपणे बोलली जाऊ लागली. दुसरा प्रसंग ११ फेब्रुवारी २०१७ चा. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, सुमारे ५०० किलो वजनाची, ३६ वर्षांची स्त्री मालवाहू विमानाने मुंबईत आणली गेली. सैफी रुग्णालयात ७ मार्च रोजी डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने तिची स्लीव्ह केली. वजन झपाट्याने उतरले. मे महिन्यात तिला अबू धाबीला हलवले गेले आणि २५ सप्टेंबरला हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांनी तिचा मृत्यू झाला. या बातमीने अनेकांच्या मनात धडकी भरली. पण तिला आधीच पक्षाघात झालेला होता, ती पंचवीस वर्षे घराबाहेर पडली नव्हती आणि तिच्या लठ्ठपणामागे दुर्मिळ जनुकीय दोष आढळला होता. शंभर किलोंच्या, चालत्याबोलत्या रुग्णाने आपला धोका त्या उदाहरणावरून मोजू नये.

धोका आहेच, आणि तो लपवणारा डॉक्टर टाळावा. अनुभवी हातांत पहिल्या महिन्यातले मृत्यूचे प्रमाण हजारात एक ते तीन असे धरले जाते, म्हणजे पित्ताशय काढण्यासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियांच्या जवळपास. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायाच्या शिरेत गुठळी हे सुरुवातीचे धोके. नंतर पित्ताचे खडे होऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा परत येतात, पण बायकांना त्याची कल्पना आधी दिलेली बरी. बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी लागते, त्यामुळे मूल हवे असलेल्या जोडप्याने वेळेचे गणित आधी मांडावे. काही वर्षांनी थोडे वजन परत चढते. धूम्रपान सोडलेले असले पाहिजे. दारूचे व्यसन किंवा उपचाराविना राहिलेला मानसिक आजार असेल तर आधी त्याकडे पाहावे लागते.

२०२५ मध्ये भारतात टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने आली आणि निर्णयात तिसरी वाट निघाली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपॅटाइडने २० टक्क्यांच्या आसपास वजन घटले. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे औषध वर्षानुवर्षे घ्यायची तयारी आणि ऐपत हवी. मध्यम लठ्ठपणात ती उत्तम आहेत; बीएमआय चाळिशीच्या वर आणि मधुमेह जुना असेल तिथे शस्त्रक्रियेचे पारडे अजून जड आहे.

पैशाचा भाग कठीण आहे. खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी तो बराच कमी पडतो. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा किमान ३५ असून हृदयविकार, तीव्र निद्राश्वसन-विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, वय १८ पूर्ण असेल आणि इतर उपाय फसलेले असतील, तरच विमा कंपनीला लठ्ठपणाच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. हे आकडे पाश्चात्त्य निकषांचे आहेत. सव्वापाच फुटांच्या त्याच बाईला, जोडविकार नसताना, भारतीय तज्ज्ञ ९६ किलोंना पात्र ठरवतात, विमा मात्र १०२ किलोंच्या पुढे. मधली सहा किलोंची दरी रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरायची, नाहीतर आजार आणखी वाढण्याची वाट पाहायची. भारतीय शरीरासाठी भारतीय आकडे मान्य झालेले असताना ही दरी ठेवणे अन्यायाचे आहे.

रत्नागिरीकराने सर्वांत जास्त विचार करायचा तो घरी परतल्यानंतरच्या आयुष्याचा. मुंबई रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर, कोल्हापूर आंबा घाट चढून सव्वाशेच्या पुढे. रुग्णालयातले दोन-तीन दिवस निभतात. चाकरमानी भाऊ-बहिणीकडे आणखी आठवडाभर राहणेही जमते. पुढचा आहार मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात सांभाळायचा असतो. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग गुळगुळीत वाटलेले, मग मऊ. पेज पोटाला सोसते, पण तीत प्रथिने फार कमी, आणि शस्त्रक्रियेनंतर रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणून वरणाचे पाणी, ताक, प्रथिनांची पावडर, पुढे कुळथाची पिठी, अंडे, काटे काढलेला बांगडा. कोकणाकडे मासळी आहे ही इथे मोठी जमेची बाजू. आधी मासळी, मग भाजी, शेवटी भात असा ताटातला क्रम उलटा करावा लागतो, घास बारीक चावावा लागतो आणि जेवताना पाणी बंद ठेवावे लागते.

मे महिना बायपास झालेल्याची परीक्षा पाहतो. वाटीभर आमरस किंवा गणपतीतले दोन उकडीचे मोदक घाईने पोटात गेले तर साखर एकदम आतड्यात उतरते. घाम सुटतो, छाती धडधडते, जुलाब होतात. हापूसची एखादी फोड जेवणानंतर सावकाश खाल्ली तर अनेकांना चालते. आग्रह करून वाढणाऱ्या घरातल्या माणसांनाही हे समजावून सांगावे लागते, त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहारतज्ज्ञाच्या भेटीला स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत हवी.

महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी स्त्री बायपासला गेली तर लोहाची तूट आणखी वाढते, म्हणून हिमोग्लोबिन आधी वर आणणे गरजेचे. नंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ जन्मभर घ्यायचे असतात. पहिल्या वर्षी रक्ततपासण्या साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. हे सगळे रत्नागिरीत होऊ शकते : नमुना गावातल्या प्रयोगशाळेत द्यायचा, अहवाल फोनवरून शल्यविशारदाकडे पाठवायचा, बी-१२ चे इंजेक्शन ओळखीच्या डॉक्टरांकडे घ्यायचे. जिल्हा रुग्णालयाला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘सिव्हिल’ला, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडे आतल्या फटीत अडकून पोटात असह्य कळ येऊ शकते, आणि बाहेरून पोट अगदी मऊ लागते, त्यामुळे तपासणारा फसू शकतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर व्रण होऊ शकतो, म्हणून गुडघेदुखीची गोळीही विचारूनच घ्यावी. म्हणून कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला आणि कुणी केली हे लिहिलेला कागद, डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह, पाकिटात आणि घरातल्या एका माणसाच्या फोनमध्ये कायम असावा; मध्यरात्री तपासणाऱ्या डॉक्टरने आधी तोच मागितला पाहिजे.