न दिसणाऱ्या धन्याची चाकरी

नगरहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या सडकेवर घोडेगाव लागते. तेथून एक वाट शिंगणापुरास फुटते, आणि सडक वडाळा बहिरोबावरून नेवाशाच्या रोखाने पुढे जाते. शिंगणापुरी शनिदेवाच्या भरवशावर घरांना दारे न लावण्याची प्रथा आहे, तर नेवाशास, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचे निरूपण केले असे परंपरा सांगते, तो पैसाचा खांब आहे. परमेश्वरावर भार टाकून निश्चिंत होणे या टापूस परके नव्हते. तथापि शिंगणापूरकराच्या दृष्टीसमोर शिळा तरी उभी होती; याच मुलखातील महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून एकोणिसाव्या शतकात जी माणसे ख्रिस्ती झाली, त्यांच्या नव्या श्रद्धेस तेवढेही दृश्य अधिष्ठान नव्हते.

अमेरिकन मराठी मिशनचे हॉलिस रीड व विल्यम हर्वी, बाबाजी नावाच्या ब्राह्मण ख्रिस्ती सहकाऱ्यासह, 1831 च्या डिसेंबरात नगरास आले. हर्वी 1832 मध्ये पटकीने दगावले, आणि पुढच्याच वर्षी बाबाजीही गेले. अशा अपशकुनी आरंभातून ते काम तगले, 1842 मध्ये मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले, आणि शतकाच्या उत्तरार्धात पक्षी व वनस्पती यांचे व्यासंगी सॅम्युएल फेअरबँक वडाळ्यास राहून आसपासच्या खेड्यांत फिरू लागले.

खेड्यातील बाप्तिस्म्याचा खरा हिशेब मात्र खळ्यावर होई. वेसकरी करणे, सारा तालुक्यास पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, ग्रामदैवताच्या जत्रेत वाजंत्री वाजविणे, या साऱ्या चाकरीच्या बदल्यात बलुते मिळे. नव्या ख्रिस्त्याने दैवतापुढे वाजविण्यास नकार दिला की पाटील-कुलकर्ण्यांचा रोष ओढवे, आणि बलुत्यास कात्री लागण्याचे भय उभे राही. धर्मांतरामुळे कोणाचा मालमत्तेवरील वा वारसाचा हक्क बुडू नये, असा 1850 चा एकविसावा कायदा होता. पण तो कलेक्टर कचेरीत होता आणि सुगी गावात होती.

या नव्या ख्रिस्त्यांना पुढे ‘दुष्काळातले ख्रिस्ती’ म्हणून हिणविले गेले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात धान्याने आणि शाळेने माणसे ओढली गेली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल; परंतु दुष्काळ ओसरल्यावर मदतीचे धान्य संपले आणि गावकीचा राग शिल्लक राहिला, त्यानंतरही जे टिकले त्यांचा हिशेब त्या धान्यातून लागत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, कोठे जावयाचे हे ठाऊक नसता निघालेल्या अब्राहामाची कथा आहे. जिथल्या तिथे राहूनच परके झालेल्या या माणसांना ती परदेशची वाटली नसावी, असे मला वाटते.

या श्रद्धेला वाणी मिळाली ती आपल्याच परंपरेतून. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुळविले, आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजनांतून तिला वारकरी वळण दिले. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या त्यागाचे कौतुक झाले, ते योग्यच. परंतु कोणत्याही सनदेशिवाय केवळ अदृश्य धन्याच्या शब्दावर बलुते पणास लावण्याचे साहस नेवासे तालुक्यातील निरक्षर माणसांनी त्याच्या कित्येक वर्षे आधी केले होते, आणि त्यांच्यापाशी ते सांगायला ना कविता होती ना वृत्तपत्र.