विरोधी बाकांवरचे यशवंतराव

यशवंतराव चव्हाणांविषयी वर्गात बोलण्याची वेळ आली म्हणजे आम्ही बहुधा 'कृष्णाकाठ'पाशी घुटमळतो आणि पुढे १९६२ साली सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला, हे एक वाक्य जोडून मोकळे होतो. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती विद्यार्थ्यांना सांगता येतात. परंतु लोकसभेतील विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे दोनदा आले, हे फारच थोड्यांच्या लक्षात असते. मराठी चरित्रलेखनानेही या पदापुढे फार वेळ काढलेला नाही. त्या पदाचा इतिहास मात्र रंजक आहे, आणि तो पाहिल्याशिवाय यशवंतरावांची तेथली कोंडी कळत नाही.

इंग्रजांच्या पार्लमेंटात 'राजाचा विरोधी पक्ष' हा शब्दप्रयोग १८२६ साली हॉबहाउस नावाच्या सभासदाने थट्टेत केला. पुढे थट्टा विरली आणि १९३७ मध्ये त्या पक्षाच्या नेत्याला सरकारी खजिन्यातून वेतन देण्याचा कायदाच झाला. सरकारला विरोध करणाऱ्यास सरकारनेच पगार द्यावा, ही कल्पना आपल्याकडे रुजायला आणखी चाळीस वर्षे लागली. १९५२ च्या लोकसभेत ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसच्या. विरोधकांत सर्वांत मोठा गट कम्युनिस्टांचा, तोही सोळा जणांचा. सभापती दादासाहेब मावळंकर यांनी दंडक घातला, की सभागृहाची गणसंख्या एकट्याच्या बळावर भरू शकेल त्यालाच पक्ष म्हणून मान्यता द्यावी. गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांचा दहावा हिस्सा. पुढे सगळे वाद ज्या 'दहा टक्क्यां'भोवती फिरले, त्यांचे मूळ हे. दंडकामागचा हिशेब व्यवहारी होता. फुटकळ गटांच्या गर्दीतून प्रबळ विरोधी पक्ष घडावा, ही अपेक्षाही त्यात असावी असे आम्हांस वाटते.

प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. विरोधी पक्षनेत्याची खुर्ची प्रथम भरली ती १९६९ मध्ये, आणि ती समाजवाद्यांनी, जनसंघाने वा कम्युनिस्टांनी भरली नाही. काँग्रेस दुभंगली आणि संघटना काँग्रेसचे रामसुभग सिंह त्या जागी बसले. थोड्याच काळापूर्वी ते मंत्रिमंडळात होते! यानंतरची नावे पाहावीत: यशवंतराव चव्हाण, सी. एम. स्टीफन, पुन्हा यशवंतराव, जगजीवनराम आणि १९८९ मध्ये राजीव गांधी. मधली १९८० ते १९८९ ही वर्षे खुर्ची रिकामी होती. डिसेंबर १९९० मध्ये लालकृष्ण अडवाणी येईपर्यंत ज्याचे राजकारण काँग्रेसच्या घरात घडले नाही असा एकही माणूस या पदावर बसला नव्हता. विरोध हादेखील दोन दशके त्या घरातलाच मामला होता.

यशवंतरावांची पहिली कारकीर्द १९७७ ची. काँग्रेस १५४ वर आली, इंदिरा गांधी स्वतः पराभूत झाल्या, आणि लोकसभेतील नेतृत्व यशवंतरावांकडे आले. त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा कायदा संसदेने केला. म्हणजे परंपरेने चालत आलेल्या पदाला कायद्याचे अंग लाभले तेव्हा त्यावर कऱ्हाडचा हा माणूस होता. पण समोरच्या बाकांवर आणीबाणीत तुरुंग भोगलेली माणसे होती, आणि यशवंतराव त्या आणीबाणीतले परराष्ट्रमंत्री. प्रत्येक प्रश्नाला 'तेव्हा आपण कोठे होता?' हे उत्तर तयार असताना जाब विचारायचा कसा? त्यांच्या त्या काळातील सौम्यपणाला पुष्कळांनी स्वभावदोष मानले आहे. आम्हांस तो निम्मा तरी परिस्थितीचा भाग वाटतो.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली. यशवंतराव इंदिराजींसोबत गेले नाहीत. एप्रिलमध्ये इंदिरा काँग्रेसचे संख्याबळ सरस ठरले आणि पद स्टीफन यांच्याकडे गेले. माणूस तोच, अनुभव तोच. बदलली ती डोक्यांची मोजणी. जुलै १९७९ मध्ये ती पुन्हा फिरली आणि यशवंतराव त्याच जागी परतले. लगेच त्यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी संसदीय संकेताप्रमाणे सरकार बनविता येते का हे पाहण्यास प्रथम विरोधी पक्षनेत्यालाच सांगितले. बेरीज जमली नाही. २८ जुलैस चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. दुसरी कारकीर्द तीन आठवड्यांचीही नव्हे.

गंमत अशी, की १९७७ च्या कायद्यात दहा टक्क्यांचा उल्लेख नाही. विरोधकांत सर्वाधिक संख्येचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता, एवढेच त्यात आहे. त्या 'मान्यता' शब्दाच्या पोटात मावळंकरांचा दंडक जाऊन बसला. २०१४ मध्ये ४४ जागांच्या काँग्रेसने पदावर दावा केला तेव्हा अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी तो याच आधारे नाकारला. मावळंकरांचे मूळ संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचे, महाजन यांचे माहेर चिपळूणचे. दंडक घालणारे आणि तो राबविणारे दोन्ही हात रत्नागिरी जिल्ह्यातले, हा योगायोग नोंदवण्याचा मोह आवरत नाही. दहा वर्षे खुर्ची रिकामी राहिली. लोकपालाच्या निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा होता, तो नाही म्हणून २०१३ च्या कायद्याची अंमलबजावणी रखडली आणि पहिला लोकपाल २०१९ मध्ये नेमला गेला. २०२४ मध्ये काँग्रेसने ९९ जागा मिळवल्यावर राहुल गांधींच्या रूपाने हे पद पुन्हा भरले.

सत्तेतून उतरून समोरच्या बाकांवर बसणे म्हणजे काय, हे आतून सांगू शकेल असा मराठीतला लेखणी धरणारा नेता यशवंतरावच होते. आत्मचरित्राचे तीन भाग त्यांनी योजले होते: कृष्णाकाठ, सागरतीर, यमुनाकाठ. पहिला १९८४ मध्ये निघाला आणि १९४६ पाशी थांबला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले. दिल्लीचा भाग तिसरा होता.