आपले तूप, चाचांची भट्टी

माझ्या आईच्या पाककृतींच्या वहीत नानकटाईची कृती सव्वा पानाची आहे. साजूक तूप परातीत घेऊन तळहाताने किती फेसायचे, पिठीसाखर कधी घालायची, दह्यात सोडा कालवून तो कधी मिसळायचा, मळताना हात जड का पडू द्यायचा नाही, हे सगळे तिने बारकाईने लिहून ठेवले आहे. गोळे चपटे करून वर चारोळीचा एकेक दाणा दाबला, की कृती एकदम थांबते. शेवटची ओळ अशी: ‘नंतर बेकरीत देणे.’

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून गेली बारा-तेरा वर्षे सातारा, वाई, कराड, सांगली या भागांतल्या घरांतून बायकांच्या हस्तलिखित वह्या पाहत हिंडतो आहे. नानकटाईची कृती जिथे सापडली, तिथे बहुधा शेवट असाच सापडला. कुठे ‘भट्टीतून भाजून आणणे’, कुठे नुसतेच ‘बेकरीत’. बरीच वर्षे मी ही ओळ वाचून पान उलटत असे. मग एकदा प्रश्न पडला. दिवाळीचा फराळ म्हणजे घरच्या चुलीवरचे, घरच्या बाईच्या हातचे, शक्य तितके सोवळ्यातले अन्न. त्या फराळाच्या ताटात दुसऱ्याच्या, आणि आमच्या पेठेत तर परधर्मीयाच्या, भट्टीत शिजलेला एक पदार्थ शिरला कसा?

ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना ते दृश्य आठवत असेल. वसुबारसेच्या आधीचे चार-पाच दिवस, रात्रीचे जेवण उरकल्यावर पितळी डबे घेऊन बेकरीसमोर बसलेली मुले. बायका सहसा येत नसत. डबे वाहण्याचे काम आम्हा मुलांकडे. बेकरीतल्या काळ्या पत्र्यांवर आपापल्या घरचे गोळे मांडायचे, पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायची आणि नंबर येईपर्यंत जागायचे. आमच्या पेठेतल्या बेकरीवाल्यांना सगळे ‘चाचा’ म्हणत. ते लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पत्रा भट्टीत सरकवत आणि आम्हाला बिनघड्याळाची वेळ सांगत: “दोन पत्रे झाले की तुझा.” पैसे वजनावर द्यायचे. त्याला आम्ही भाजणावळ म्हणत असू.

शोध सुरू केला तेव्हा माझा समज असा होता, की खालून-वरून धग देऊन भाजणे हे मुळात आपल्याकडे नव्हतेच. ते पोर्तुगीज आणि इंग्रज घेऊन आले. तो समज लवकरच गळून पडला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरात श्रावणात होणारे निनाव, पाठारे प्रभूंचे भानोले, कोकणातले तवशाचे धोंडस हे सगळे भाजलेलेच पदार्थ आहेत. पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवायचे, वर सपाट झाकण घालायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. गोव्यातल्या बेबिंकचा एकेक थरही असाच वरच्या निखाऱ्यांवर खरपूस होत असे. जुन्या वह्यांत यासाठी ‘वर-खाली विस्तव ठेवणे’ असे तीन-चार शब्द असतात. ओव्हन हा शब्द माहीत नसलेल्या घरांत ओव्हनचे काम चालू होते.

मग नानकटाई घरीच का भाजत नव्हते? याचे उत्तर पदार्थाच्या स्वभावात आहे. निनाव किंवा धोंडस ओलसर आणि जाड असते. त्यात गूळ असतो, नारळाचे दूध किंवा काकडीचा रस असतो. धग थोडी कमी-जास्त झाली तरी आतला ओलावा ती सांभाळून घेतो. नानकटाईत असा ओलावा नाही. तिला चहूबाजूंनी सारखी, कोरडी आणि बेताची धग लागते. एका बाजूला निखारा जास्त झाला तर तळ करपतो आणि वरचा भाग कच्चा राहतो. शिवाय दिवाळीत एका घराच्या नानकटाया शंभर-दीडशे असायच्या; पातेल्यात एका वेळी मावणार आठ-दहा. विटांच्या भट्टीत मात्र आधी लाकडे जाळून सगळा घुमट तापवलेला असतो. पहिल्या कडक आचेवर पाव निघतात. त्यानंतर आच हळूहळू उतरू लागते. ती उतरती आच नानकटाईला नेमकी मानवते. म्हणून आमचे डबे रात्री जात.

अडचण तांत्रिक होती आणि तिचे उत्तर पेठेतच होते. पण ते उत्तर घेणे सोपे नव्हते.

पाव हा शब्दच पोर्तुगीज. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती, आणि त्या काळाची एक आठवण उत्तर कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली: विहिरीत पावाचा तुकडा टाकला, त्या विहिरीचे पाणी प्यायलेले गाव बाटले. ही घटना कुठे, किती वेळा घडली हा वेगळा प्रश्न. पाव म्हणजे बाटवणारी वस्तू ही धारणा मात्र पक्की बसली. बेकरीचा धंदा गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान आणि पुढे इराणी यांच्या हाती राहिला. उच्चवर्णीय हिंदू घरांत पाव आजारी माणसापुरता, तोही लपूनछपून येई.

या भीतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्यातले आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, उपस्थितांची नावे छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून सुधारकांतच नाराजी उसळली. एका कप चहाने पुण्याची दोन वर्षे खाल्ली.

माझ्या आजीचा जन्म १९१५ च्या आसपासचा. म्हणजे तिच्या आईवडिलांच्या पिढीने हे प्रकरण ऐकलेले होते. आणि तिच्याच संसारात, तिच्या डोळ्यांदेखत, नानकटाईचा डबा चाचांकडे जाऊ लागला. मधल्या पन्नास-साठ वर्षांत काय बदलले?

शहरे वाढली, शिक्षण वाढले, हॉटेले आली, हे नेहमीचे उत्तर आहे आणि ते खोटे नाही. पण आमच्या आजीने आयुष्यात हॉटेलात पाऊल टाकले नव्हते. तिच्यासारख्या बायकांनी नानकटाईला वाट दिली, ती त्यांच्या स्वतःच्या नियमांतून. वह्या वाचता वाचता माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. नानकटाईत पाण्याचा थेंब नाही. तूप, साखर, मैदा किंवा रवा, आणि भिजवायला लागले तर दही. सोवळ्या-ओवळ्याच्या जुन्या हिशेबात खरकटे होते ते पाण्यात शिजलेले किंवा पाण्यात भिजवलेले अन्न. म्हणून तर प्रवासाला दशमी न्यायची. तिची कणीक दुधात भिजवलेली असते. दशमीला जो नियम चालला, तोच नानकटाईला लावता येत होता.

दुसरी गोष्ट, साहित्य आपले. बेकरीतून विकत आणलेले बिस्किट वेगळे, आणि आपल्या घरून गेलेले गोळे भाजून घरी आले ते वेगळे. याला आधीचे दाखले होते. पोहे-चुरमुऱ्यांसाठी भडभुंजाची भट्टी होतीच. गिरण्या आल्यावर दळणाचा डबा बाहेर जाऊ लागला. धान्य आपले, जाते परक्याचे. दळणावळ देण्याची सवय झालेल्या घराला भाजणावळ फार परकी वाटली नसावी. दोन्हीकडे डबा उचलणारा मुलगाच होता, हेही मला महत्त्वाचे वाटते. आईने भट्टी पाहिली नाही, चाचांनी आमचे स्वयंपाकघर पाहिले नाही. मधली ये-जा मुंज न झालेल्या पोरांनी केली, आणि पोरांना सोवळ्यातून नेहमीच थोडी सूट होती.

हा माझा तर्क आहे. तो छापील पुस्तकांतून निघालेला नाही. मराठीतले पाकशास्त्राचे छापील पुस्तक, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’, १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. पदार्थ कसा करावा, हे ही पुस्तके सांगतात. तो कुणाच्या विस्तवावर शिजला आणि मग घरात कुठे ठेवला गेला, हे शोधायला घरच गाठावे लागते.

आमच्या घरात तो कुठे ठेवला गेला, हे मला नीट आठवते. लाडू, करंज्या, अनारसे यांचे डबे स्वयंपाकघरातल्या फडताळात. नानकटाईचा डबा माजघरातल्या कोनाड्यात, चिवड्याच्याही पलीकडे. नैवेद्याच्या ताटात नानकटाई कधी वाढली गेली नाही. आजी स्वतः ती खात नसे. पण भाऊबीजेला आलेल्या माणसांपुढे आग्रहाने ठेवत असे. तेव्हा या कथेला सलोख्याची सरळ गोष्ट म्हणणे मला जमत नाही. रेघ पुसली गेली नव्हती. ती फडताळावरून कोनाड्यापर्यंत सरकली होती. ती सरकवण्यासाठी आजीने कुणाचे व्याख्यान ऐकले नव्हते, हे मात्र खरे.

या देवघेवीतली सर्वांत नाजूक बाजू मला फार उशिरा कळली. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढच्या काळात अनेक घरांत साजूक तुपाची जागा त्याने घेतली. महागाईत, रेशनच्या साखरेच्या दिवसांत, दिवाळीला सगळ्यांचीच ओढाताण असे. पाहुण्यांसमोर मात्र ‘घरच्या तुपातली’ असेच सांगितले जाई. पत्रा भट्टीतून निघाला की वासावरून चाचांना कळत असे, कोणाचे तूप, कोणाचा डालडा, आणि कोणी निम्मे-निम्मे घातले आहे. एक वर्ष वडिलांचा पगार तीन महिने अडकला होता. त्या वर्षी आमच्या डब्यात संपूर्ण डालडा होता. आईने मला बजावले होते, कोणी विचारले तर काही बोलू नकोस. चाचांनी पत्रा बाहेर काढला, माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वहिनींना सांग, मस्त झाल्यात.” बस, इतकेच. पेठेतल्या प्रत्येक घराची खरी परिस्थिती त्या माणसाला दर दिवाळीत कळत होती, आणि माझ्या माहितीत ती कधी बाहेर आली नाही.

आता आईच्या वहीकडे परत येतो. गेल्या वर्षी तिचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा वही पहिल्यांदाच माझ्याकडे महिनाभर राहिली. नानकटाईचे पान उजेडात धरून पाहताना समासात पेन्सिलीने लिहिलेले काही दिसले. अक्षर आईचेच, पुसट झालेले: ‘चाचा म्हणतात पसरते, तूप पाव वाटी कमी.’ त्याखाली, बहुधा पुढच्या वर्षी: ‘रवा घातला. चाचा म्हणाले आता बरोबर.’

हे निरोप मीच आणले असणार. मला त्यातला एकही आठवत नाही. कृतीची शाईतली ओळ ‘बेकरीत देणे’ वर संपत होती, पण काम तिथे संपत नव्हते. भट्टीतले ज्ञान निरोपातून घरी येत होते आणि पुढच्या दिवाळीच्या परातीत उतरत होते. ज्या दोन माणसांनी मिळून ही नानकटाई घडवली, ती एकमेकांशी समोरासमोर कधी बोलली नव्हती.

मी चाचांच्या मुलाला भेटलो. बेकरी बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्या जागी आता भांड्यांचे दुकान आहे. वडिलांनी काही लिहून ठेवले आहे का, असे विचारले. ते हसले. म्हणाले, “अब्बा कशाला लिहितील? लादीवर चिमूटभर पीठ टाकायचे. ते किती वेळात तांबूस होतं ते बघायचे आणि सांगायचे, आता पाव, आता बिस्किट.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुमच्या आईंनी अब्बांचं नाव लिहिलंय वहीत?” मी पानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या मोबाइलवर मागवून घेतला.

लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस आता सरत आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. शहराच्या हवेचा विचार करता त्यात चूक काढता येणार नाही. घरोघरी ओव्हन आहेत, मुली केक सुरेख करतात, आणि मीही मागच्या दिवाळीत आईच्या प्रमाणाने नानकटाई करून पाहिली. पहिली खेप शाईतल्या प्रमाणाने केली. ती पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटली. दुसरी खेप पेन्सिलीतल्या प्रमाणाने केली. ती जमली. आईने एक खाल्ली आणि तळ उलटा करून पाहिला, तसा ती पूर्वी डबा परत आल्यावर पाहत असे.

वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या वह्या रद्दीत जातात. टाकण्याआधी समास पाहा. कृती बहुतेक सगळीकडे सारख्याच असतात. समासात कुणाकुणाची नावे असतात: गिरणीवाल्याची, भडभुंजाची, बोहारणीची, शेजारच्या फर्नांडिसबाईंची. घरच्या अन्नाचा इतिहास लिहायचा तर या नावांपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती लिहून ठेवणाऱ्या पिढीतल्या फार थोड्या बायका आता विचारायला उरल्या आहेत.