स्त्रीच्या हातातील संरक्षण : पुण्यातील एका संशोधनाची हकीकत

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या वसई भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, चिमाजी आप्पा आणि 1739 ची मोहीम आठवते. परंतु इतिहास दवाखान्याच्या लहानशा खोलीतही घडत असतो. तेथे तोफा नसतात. एक परिचारिका असते, एक वही असते आणि समोर बसलेली एक बाई असते. अशाच एका खोलीतली हकीकत आज सांगायची आहे. विषय संकोचाचा आहे, हे मी जाणतो. पण बाईने दुखणे अंगावर काढायचे, लाजेने कोणाला सांगायचे नाही, आणि मग ते हाताबाहेर गेले की नशिबाला बोल लावायचा, हे आपल्या घरोघरी चालत आले आहे. म्हणून थोडे स्पष्ट बोलू.

भारतात एड्सच्या विषाणूचा पहिला शोध लागला तो 1986 साली, मद्रासमध्ये. तो लावणाऱ्यांत डॉ. सुनीती सॉलोमन या प्रमुख होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्या वेळी पुष्कळांचा समज असा होता की, हा रोग ‘तसल्या’ वस्तीतला आहे, आपल्या उंबऱ्याशी त्याचा काय संबंध?

या समजाला पुण्याने धक्का दिला. 1992 साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील डॉक्टरांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने 1993 ते 1996 या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या 916 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 391 स्त्रियांचा वेश्याव्यवसायाशी काही संबंध नव्हता. बहुतेक संसारी बायका. त्यांच्यापैकी 13.6 टक्के स्त्रियांच्या रक्तात विषाणू सापडला, म्हणजे दर सातांत जवळजवळ एक. शिक्षकमित्रांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या स्त्रिया काही तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, तेव्हा हे प्रमाण साऱ्या गावाला लावता येणार नाही. पण त्यातून निघालेला अर्थ स्पष्ट होता. यांतल्या कितीतरी जणींनी नवऱ्यावाचून दुसरा पुरुष पाहिला नव्हता. त्यांना रोग घरातच मिळाला होता. 1997 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता अशा बाईला सल्ला तरी काय द्यायचा? ‘निरोध वापरा’ असे सांगणे सोपे. पण निरोध वापरायचा पुरुषाने. तो नाही म्हणाला, तर तिने काय करावे? आग्रह धरला तर ‘माझ्यावर संशय घेतेस?’ नाहीतर ‘तुझेच काही आहे काय?’ असा उलटा प्रश्न यायचा. पुण्यात जी गोष्ट, तीच उमेळ्यात, आणि तीच आफ्रिकेतल्या खेड्यात. न्यूयॉर्कच्या झेना स्टाइन या विदुषींनी 1990 साली एका लेखात हेच मांडले की, स्त्रीला स्वतःच्या हाताने वापरता येईल असे साधन पाहिजे. त्यातून कल्पना पुढे आली ती योनिमार्गात आधी लावून ठेवायच्या जेलची किंवा गोळीची. जंतू आत शिरण्यापूर्वीच त्याला तेथे अडवायचे. शास्त्रज्ञ याला मायक्रोबिसाइड म्हणतात. आपण जंतुरोधक जेल म्हणू.

कल्पना चांगली, पण औषध चांगले आहे हे ठरवायचे कसे? या बाबतीत जगाला एक कडू धडा मिळाला. नॉनॉक्सिनॉल-9 नावाचे द्रव्य संततिनियमनासाठी पुष्कळ वर्षे वापरात होते. काचेच्या नळीत ते एड्सचा विषाणू मारीत असे. साहजिकच त्यावर मोठी आशा होती. आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये त्याची चाचणी झाली, आणि 2000 साली डर्बनच्या परिषदेत निकाल जाहीर झाला. तो उलटाच निघाला. जेल वापरणाऱ्या स्त्रियांत लागण अधिक झाली होती, विशेषतः दिवसातून अनेकदा वापरणाऱ्यांत. कारण असे की, हे द्रव्य साबणासारखे काम करते. विषाणूचे कवच फोडता फोडता ते बाईच्या अंगातला नाजूक अस्तरपदरही सोलून काढते, आणि सोललेल्या जागेतून रोगाला वाट मोकळी होते. कुंपणच शेत खाऊ लागले, म्हणा ना.

तेव्हापासून क्रम अधिकच कडक झाला. औषध गुणकारी आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी दोन प्रश्न विचारायचे : हे बाईला अपाय तर करीत नाही ना? आणि हे ती वापरील काय?

पुण्याच्या संस्थेने या दोन प्रश्नांवर चिकाटीने काम केले. एक औषध अगदी आपल्या परसातले होते. दिल्लीचे शास्त्रज्ञ डॉ. गुरशरण प्राण तलवार यांनी कडुनिंबाचा अर्क आणि रिठ्यातले फेसाळ द्रव्य वापरून ‘प्रनीम’ नावाची गोळी तयार केली होती. कडुनिंब म्हटला की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. गुढीपाडव्याला त्याचा पाला खातो, गोवर आला की अंथरुणाशी ठेवतो. पण शास्त्र डोळे मिटून चालत नाही. तोंडाने खाल्लेला पाला वेगळा आणि नाजूक अवयवात ठेवलेली गोळी वेगळी. म्हणून तिचीही पहिली चाचणी पुण्यात झाली. ‘पीआरओ 2000’ नावाच्या परदेशी जेलचीही अशीच चाचणी झाली.

ही पहिली पायरी कशी असते? थोड्याच निरोगी स्त्रिया निवडतात. त्यांना त्यांच्या भाषेत सारे समजावून सांगतात, मगच संमती घेतात. आणि मध्येच ‘मला नको’ म्हणण्याची मोकळीक ठेवतात. ठरलेले दिवस औषध वापरायचे. आग होते का, खाज सुटते का, डाग पडतो का, हे विचारायचे. भिंगातून आतला भाग तपासायचा, कोठे ओरखडा किंवा फोड दिसतो का ते पाहायचे. रक्त तपासायचे.

दुसरा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण खरी गोम तेथेच असते. वास कसा आहे? ओघळून लुगड्याला, चादरीला लागते का? ठेवायचे कोठे? एका खोलीत सासू-सासरे, दीर, मुले झोपतात. तेथे हे लावायचे केव्हा? धुवायला पाणी आणि आडोसा कोठे? आणि सर्वांत मोठा प्रश्न, नवऱ्याला सांगायचे की नाही? म्हणून प्रनीमच्या अभ्यासात बायकांबरोबर त्यांच्या नवऱ्यांचेही मत विचारण्यात आले. चुलीजवळ बसणाऱ्या बाईचे म्हणणे शास्त्रीय वहीत उतरले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे 2006-07 मध्ये टेनोफोविर या औषधाच्या जेलची दुसऱ्या टप्प्याची चाचणी पुणे, न्यूयॉर्क आणि बर्मिंगहॅम (अलाबामा) येथे मिळून झाली. एकूण 200 स्त्रिया, मुदत 24 आठवडे. काहींना औषधी जेल, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले जेल. औषध सुरक्षित ठरले. फेब्रुवारी 2008 मध्ये दिल्लीला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा निकाल मांडला गेला.

मग यश मिळाले का? ही वाट मात्र खाचखळग्यांची निघाली. सेल्युलोज सल्फेट नावाच्या जेलची आफ्रिकेत आणि भारतात चाललेली चाचणी जानेवारी 2007 मध्ये मध्येच थांबवावी लागली. पीआरओ 2000 सुरक्षित होते. पण आफ्रिकेत 9,385 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत डिसेंबर 2009 मध्ये ते निरुपयोगी ठरले. 2010 साली आशेचा किरण दिसला. दक्षिण आफ्रिकेत 889 स्त्रियांच्या चाचणीत टेनोफोविर जेलने लागण 39 टक्क्यांनी कमी केली. परंतु नंतरच्या दोन मोठ्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही. त्यांतल्या पहिल्या चाचणीत, 2013 साली, रक्त तपासले तेव्हा चारांतल्या जेमतेम एका नमुन्यात औषध सापडले. बायका जेल नेत होत्या, पण वापरीत नव्हत्या. का? घरचे काय म्हणतील, लोक आपल्यालाच रोगी समजतील, ही भीती. पुण्यात विचारलेला ‘वापरील काय?’ हा साधा प्रश्न शेवटी सर्वांत जड ठरला.

त्यातून संशोधकांनी बोध घेतला. रोज लावण्याचा त्रास नको म्हणून महिनाभर आत राहणारी डॅपिविरिन औषधाची मऊ कडी तयार झाली. 2016 च्या दोन चाचण्यांत तिने लागण सुमारे 30 टक्क्यांनी कमी केली, आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. 2025 मध्ये त्याच संघटनेने सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकॅपाविर या इंजेक्शनाचीही शिफारस केली. प्रयत्न अनेक वर्षांचा, पण दिशा तीच : बाईला झेपेल, घरात खपेल असे साधन.

श्रोतेहो, आपल्या गावापुरता यातून काय अर्थ घ्यायचा? उमेळ्यासारख्या गावातून कामधंद्यासाठी मुंबईला रोज येणारे-जाणारे पुष्कळ आहेत. रोगाला तिकीट लागत नाही. अंगावरून जाते, आग होते, जखम होते, अशी तक्रार असेल तर बाईने आणि पुरुषाने, दोघांनीही दवाखाना गाठावा. एकट्या बाईला औषध देऊन भागत नाही. सरकारी रुग्णालयातील तपासणी केंद्रात रक्ताची परीक्षा मोफत होते, नाव गुप्त ठेवणे 2017 च्या कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि 1097 या क्रमांकावर फोन करून माहितीही विचारता येते. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलामुलींना हे निःसंकोच सांगावे.

आणि पुण्यातल्या त्या बायकांची आठवण ठेवावी. त्यांची नावे कोठे छापली गेली नाहीत, जाऊही नयेत. त्यांना त्या औषधापासून स्वतःचा लाभ झाला नाही. आपल्यानंतरच्या लेकीसुनांना अपाय होऊ नये, म्हणून त्यांनी आपल्या संकोचाची गाठ सोडली आणि विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे दिली. औषधे आली आणि गेली. त्यांची उत्तरे मात्र पुढच्या प्रत्येक औषधाच्या कामी आली आहेत.